आत्मसन्मान आणि आत्मपूजा

अभ्यासासाठी शास्त्रभाग: १ शमुवेल १४:१–१५, १५:१०–३१, १८:१–९, २३:१५–१८, लूक १८:९–१४.

स्वतःविषयी चांगले वाटणे हे पाप आहे काय? शब्बाथशाळेच्या शिक्षकांच्या बैठकीत हा प्रश्न सरळ कोणी विचारत नाही, पण तो निरनिराळ्या वेषांत आपल्यापुढे येत असतो. एखादी मुलगी पाठांतराच्या स्पर्धेत पहिली येते आणि घरी जाऊन बक्षीस सर्वांना दाखवते. आजी म्हणते, “फार नाचू नकोस, गर्वाचे घर खाली.” दुसऱ्या घरी तसेच बक्षीस काचेच्या कपाटात जाते, येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवले जाते, आणि “आमच्या बाळासारखा मुलगा अख्ख्या मंडळीत नाही,” हे वाक्य बाळाच्या देखत दहा वेळा बोलले जाते. पहिल्या घराला वाटते, आपण नम्रता शिकवतो. दुसऱ्याला वाटते, आपण आत्मविश्वास देतो. गंमत अशी की, दोन्ही घरांची मूळ समजूत एकच आहे. आत्मसन्मान आणि अहंकार ही एकाच भांड्यातली वस्तू. थोडी असली तर आत्मसन्मान, उतू गेली की अहंकार. म्हणून एक घर भांडे रिकामे ठेवते आणि दुसरे काठोकाठ भरते.

ही समजूत चुकीची आहे. या दोन गोष्टींत फरक आहे तो मापाचा नव्हे, जातीचा आहे. आणि तो ओळखता आला नाही तर आपण मुलांचे, व कधी कधी मोठ्यांचेही, फार नुकसान करतो.

शब्दांचा घोटाळा

आपल्या भाषेत या विषयाचे शब्द पुष्कळ आहेत, आणि ते एकमेकांत मिसळतात. ‘अभिमान’ हाच शब्द पाहा. “मला माझ्या मुलीचा अभिमान वाटतो,” यात दोष नाही. “त्याला फार अभिमान झाला आहे,” यात आहे. म्हणून या पाठापुरते दोन शब्द ठरवून घेऊ. मी माणूस म्हणून मोलाचा आहे, माझ्यात गुण आहेत तसे दोषही आहेत, आणि तरीही माझे मोल कमी होत नाही, या शांत जाणिवेला आपण ‘आत्मसन्मान’ म्हणू. मी इतरांहून वरचा आहे, आणि लोकांनी ते मान्य केलेच पाहिजे, या भुकेला ‘आत्मपूजा’ म्हणू. मानसशास्त्रात तिला नार्सिसिझम म्हणतात.

हा शब्द ग्रीक पुराणातल्या नार्सिसस नावाच्या देखण्या तरुणावरून आला. रोमन कवी ओव्हिड याने पहिल्या शतकाच्या आरंभी ही कथा सांगितली आहे. पाण्यात दिसलेल्या स्वतःच्याच रूपावर तो भाळला आणि तेथेच झुरून मेला. त्याच्यावर जीव टाकणारी माणसे होती, पण त्याला दुसरे कोणी दिसलेच नाही. १८९८ साली हॅवलॉक एलिस या इंग्रज लेखकाने मनाच्या अभ्यासात या कथेचा आधार घेतला, १९१४ साली फ्रॉइडने यावर निबंध लिहिला, आणि १९८० साली अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संस्थेने आपल्या निदानग्रंथात हा एक व्यक्तिमत्त्वदोष म्हणून नोंदवला.

आत्मसन्मानाचा शास्त्रीय अभ्यास निराळ्या वाटेने झाला. मॉरिस रोझेनबर्ग यांनी न्यूयॉर्क राज्यातील हायस्कूलच्या पाच हजारांवर विद्यार्थ्यांचा अभ्यास करून १९६५ साली पुस्तक प्रसिद्ध केले. आत्मसन्मान मोजण्याची त्यांची दहा वाक्यांची पट्टी आजही वापरात आहे. त्यांनी एक गोष्ट तेव्हाच स्पष्ट केली होती: ज्याचा आत्मसन्मान चांगला आहे तो स्वतःला ‘पुरेसा चांगला’ समजतो; ‘इतरांहून श्रेष्ठ’ समजतोच असे नाही. ही दोन वाक्ये एकमेकांशेजारी ठेवून पाहा. पहिल्यात शेजाऱ्याचा उल्लेखच नाही.

बाप आणि मुलगा

पवित्र शास्त्रात हा फरक एकाच घरात पाहायला मिळतो. शौल हा बाप, योनाथान हा मुलगा.

शौलाचा आरंभ वाईट नव्हता. राजा निवडण्याच्या दिवशी तो सामानसुमानात लपून बसला होता (१ शमु. १०:२२). पुष्कळ उपदेशक याला नम्रता म्हणतात. मला तसे वाटत नाही. लपणाऱ्या माणसाचे सगळे लक्ष स्वतःकडेच असते; लोक मला काय म्हणतील ही धास्ती त्याला सोडत नाही. पुढे तीच धास्ती मुकुट घालून फिरू लागली.

अमालेक्यांवर जय मिळाल्यानंतर शमुवेल त्याला भेटायला निघतो, तो कळते की, शौल कर्मेलास जाऊन स्वतःचे स्मारक उभारून पुढे गेला आहे (१५:१२). चूक दाखवली तेव्हा तो प्रथम म्हणतो, मी आज्ञा पाळली. मग म्हणतो, मेंढरे राखली ती लोकांनी. अखेर पाप कबूल करतो, पण त्या कबुलीला जोडूनच विनवतो की, माझ्या लोकांच्या वडीलजनांसमोर माझा मान राहू द्या (१५:३०). राज्य गेले हे ऐकल्यावरही त्याला चिंता आहे ती चारचौघांतल्या मानाची.

त्यानंतर अठराव्या अध्यायातले ते गाणे येते. स्त्रिया नाचत गात सामोऱ्या येतात. शौलाच्या नावाला हजारो आणि दाविदाच्या नावाला दहा हजार जोडतात. या गाण्यात शौलाची निंदा मुळीच नव्हती. हजारोंना जिंकणारा म्हणून त्याची स्तुतीच होती. पण ती त्याला ऐकूच आली नाही. ऐकू आली ती वजाबाकी. तेथून संशय, भाला, पाठलाग. बाविसाव्या अध्यायात तर सगळे सामर्थ्य हातात असलेला हा राजा आपल्या चाकरांपुढे तक्रार करतो की, माझ्याबद्दल कोणाला वाईट वाटत नाही (२२:८). शिक्षकांनी या वचनापाशी अवश्य थांबावे. आत्मपूजा नेहमी छाती काढूनच चालते असे नाही. ती पुष्कळदा रडते. आपण सोडून जगात सगळे कृतघ्न आहेत असे तिला वाटते.

आता योनाथान. तो राजपुत्र आणि गादीचा वारस. दाविदाच्या उदयाने खरे नुकसान झाले असेल तर ते त्याचे. तरी तो आपला झगा, आपली तलवार, धनुष्य आणि कमरबंद काढून दाविदाला देतो (१८:४). बापासमोर उभा राहून दाविदाचे गुण सांगतो (१९:४–५). पुढे रानात जाऊन, बापाच्या भीतीने लपलेल्या दाविदाला धीर देतो आणि सांगतो की, राजा तू होशील, मी तुझ्या खालोखाल असेन (२३:१७).

कोणी म्हणेल, योनाथान स्वतःला क्षुद्र समजत असावा म्हणून त्याने जागा सोडली. त्याने चौदावा अध्याय वाचावा. एका शस्त्रवाहकाला बरोबर घेऊन पलिष्ट्यांच्या ठाण्यावर कडा चढून जाणारा हाच योनाथान. लढाईच्या दिवशी सैन्याला उपाशी ठेवण्याची बापाची शपथ चुकीची होती, असे लोकांसमोर स्पष्ट बोलणाराही हाच (१४:२९). स्वतःला कमी लेखणारा माणूस असे करू शकत नाही. योनाथानाला आपले मोल ठाऊक होते, आणि ते दाविदाच्या मोलावर अवलंबून नव्हते. म्हणूनच तो देऊ शकला. शौलाला मात्र मोठे राहण्यासाठी कोणीतरी लहान असावे लागत होते.

लूककृत शुभवर्तमानातला परूशी असाच आहे. त्याची प्रार्थना जकातदाराशिवाय पुरीच होत नाही. मंदिरात त्या दिवशी जकातदार आला नसता तर बिचाऱ्याने काय केले असते कोण जाणे.

शौलाच्या भाल्याला आधुनिक संशोधनातही जोड सापडते. १९९८ साली बुशमन आणि बाऊमाइस्टर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांकडून निबंध लिहून घेतले, काहींच्या निबंधांवर मुद्दाम कडक शेरे मारले, आणि मग शेरे मारणाऱ्याला कर्कश आवाजाचा त्रास देण्याची संधी त्यांना दिली. ज्यांच्यात आत्मपूजा अधिक होती आणि ज्यांचा अपमान झाला होता, त्यांनी सर्वांत जास्त त्रास दिला. साध्या आत्मसन्मानाचा या आक्रमकतेशी संबंध आढळला नाही. “याचा आत्मविश्वास फार वाढला, म्हणून हा अंगावर येतो,” असे आपण म्हणतो ते बरोबर नाही.

मुलांत हे येते कोठून?

आईबापांच्या आणि शब्बाथशाळेच्या दृष्टीने हा सर्वांत महत्त्वाचा भाग. हॉलंडमध्ये एडी ब्रुमेलमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सात ते बारा वर्षांच्या ५६५ मुलांचा व त्यांच्या आईबापांचा अभ्यास केला. सहा-सहा महिन्यांच्या अंतराने चार वेळा त्यांनी माहिती घेतली, आणि निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. आपले मूल इतर मुलांपेक्षा विशेष आहे, त्याला इतरांहून अधिक मिळायला हवे, असे ज्या आईबापांना वाटत होते त्यांच्या मुलांत पुढे आत्मपूजा वाढलेली दिसली. आत्मसन्मान मात्र वाढला नाही. ज्या घरांत प्रेमाची ऊब होती, म्हणजे आईबाप जवळ घेत, चौकशी करत, तू आम्हांला प्रिय आहेस हे कळू देत, त्या घरांतल्या मुलांत आत्मसन्मान वाढला. आत्मपूजा वाढली नाही. दोन झाडे, दोन मुळे. आईबापांचे वागणे हे अर्थातच एकमेव कारण नाही. स्वभावाचा काही भाग मूल जन्मतःच घेऊन येते. पण आपल्या हातात आहे ते हेच.

याच संशोधकांनी आणखी एक गमतीची गोष्ट दाखवली. मुलांना कोणकोणती माहिती आहे असे आईबापांना विचारताना त्यांनी यादीत काही मुळात अस्तित्वातच नसलेल्या गोष्टी घातल्या. मुलाला अवास्तव मोठे मानणारे आईबाप सांगू लागले की, हो, आमच्या मुलाला हेही माहीत आहे!

स्तुतीचा प्रश्न याहून नाजूक आहे. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका प्रयोगात २४० मुलांना व्हॅन गॉफचे रानगुलाबांचे चित्र पाहून काढायला सांगितले. मग चित्रकाराकडून आलेली म्हणून एक चिठ्ठी दिली. काहींना ‘सुंदर चित्र’ अशी, काहींना ‘विलक्षण सुंदर’ अशी, तर काहींच्या चिठ्ठीत स्तुती नव्हतीच. नंतर पुढचे चित्र सोपे हवे की अवघड, ते मुलांनी निवडायचे होते. ज्या मुलांना स्वतःविषयी आधीच कमी वाटत होते, त्यांनी ‘विलक्षण’ ऐकल्यावर सोपे चित्र निवडले. कारण उघड आहे: एकदा विलक्षण ठरलो, आता तसेच राहायला हवे, ते जमले नाही तर? आपण मात्र बुजऱ्या मुलालाच हुरूप यावा म्हणून नेमकी अशी भरमसाट स्तुती करतो.

यावरून आपल्या बक्षीस समारंभांचा विचार करावा. बक्षिसे देऊ नयेत असे मी म्हणत नाही. “तुझे बारावे वचन अडखळले होते, ते या वेळी नीट आले, आठवडाभर म्हटलेस ना?” हे शिक्षकाचे शब्द कपापेक्षा अधिक काम करतात, कारण त्यांत मूल दिसलेले असते आणि दुसरे मूल पाडलेले नसते. आणि जे मूल अडखळले त्याच्या शेजारी त्या दिवशी कोणीतरी बसावे. नाताळच्या नाटकात मरीयेचे काम वर्षानुवर्षे एकाच घरात का जाते, हाही प्रश्न कधीतरी कमिटीत निघायला हरकत नाही.

रिकामे भांडे

आतापर्यंत दुसऱ्या घराविषयी बोललो. पण आपल्या मंडळ्यांत मला अधिक काळजी वाटते ती पहिल्या घराची. आपल्यापैकी अनेकांच्या आजापणजांना गावच्या पाणवठ्यावर जागा नव्हती. सीमाभागातले आपले मूल घरी मराठी बोलते, बाजारात कानडी आणि शाळेत इंग्रजी, आणि तिन्ही ठिकाणी कोणीतरी त्याच्या उच्चाराला हसते. इंदूर-ग्वाल्हेरकडच्या मुलांचे हिंदी वळणाचे मराठी ऐकून पुण्यामुंबईचे पाहुणे हसतात. अशा मुलाला रविवारी सकाळी पुन्हा आपण सांगावे की, तू काही नाहीस, धूळ आहेस? रोमकरांस पत्राच्या १२:३ मध्ये स्वतःला अधिक समजू नये असे आहे, ते आपण पाठ करून घेतो. त्याच वचनाचा पुढचा भाग समंजसपणे, विचारपूर्वक स्वतःकडे पाहायला सांगतो. खऱ्याहून कमी समजणे हेही त्या वचनात बसत नाही.

फिलिप्पैकरांस पत्रातले नम्रतेचे वचन (२:३) तर आपल्याला अगदी तोंडपाठ. पण ज्या नगराला हे पत्र गेले, त्या नगरात पौल कसा वागला होता? चौकशीवाचून फटके मारून तुरुंगात टाकल्यावर दुसऱ्या दिवशी अधिकाऱ्यांनी त्याला गुपचूप जायला सांगितले. त्याने नकार दिला. आम्ही रोमी नागरिक आहोत, त्यांनी स्वतः येऊन आम्हांला बाहेर न्यावे, असा निरोप त्याने पाठवला, आणि त्यांना यावे लागले (प्रे. कृत्ये १६:३७–३९). नम्रतेचा उपदेश करणारा माणूस आणि हा निरोप धाडणारा माणूस एकच आहे. यात विसंगती दिसत असेल तर नम्रतेची आपली कल्पना तपासायला हवी.

आपल्या मराठी ख्रिस्ती इतिहासात याचे उदाहरण पंडिता रमाबाईंचे आहे. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे त्या चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात गेल्या. पुरुष विद्यार्थ्यांना त्यांनी शिकवू नये, असे हिंदुस्थानातील दोन बिशपांचे मत पडले तेव्हा रमाबाईंनी ते निमूट मानले नाही. जो सिद्धांत आपल्या बुद्धीला व विवेकाला पटला नाही, तो केवळ वडीलधारे सांगतात म्हणून स्वीकारायलाही त्या तयार नव्हत्या. एका पुरोहितवर्गाचे जोखड नुकतेच उतरवून दुसऱ्याचे मानेवर घ्यायचे नाही, असे त्यांनी स्पष्ट लिहिले. त्यांची आध्यात्मिक माता सिस्टर जेराल्डिन यांना यात गर्व आणि हट्ट दिसला. हा पत्रव्यवहार १९७७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला आहे. ज्यांना इंग्रजी वाचता येते त्यांनी तो जरूर वाचावा.

मग तो गर्व होता काय? याचे उत्तर पत्रांतून नव्हे, पुढच्या पस्तीस-छत्तीस वर्षांतून मिळते. ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या त्यांना विशीतच कलकत्त्यात मिळाल्या होत्या. त्या पदव्यांवर व्याख्याने देत जगता आले असते. त्यांनी १८८९ साली शारदा सदन काढले, १८९६–९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतांतून उपाशी मुली गोळा करून केडगावास आणल्या, आणि उतारवयात हिब्रू व ग्रीक शिकून साध्या बायकांना कळेल अशा मराठीत पवित्र शास्त्राचे भाषांतर केले. ते मुक्ति मिशनच्याच छापखान्यात छापले गेले. बिशपांपुढे न वाकलेली मान मुलींच्या आजारपणात मात्र वाकलेली होती. आत्मपूजकाचे याच्या उलट असते. तो वरच्यापुढे लवतो आणि खालच्याला तुडवतो.

एक सावधगिरी

हा पाठ वाचून कोणी आपल्या नणंदेला, पाळकांना किंवा सेक्रेटरींना ‘आत्मपूजक’ ठरवू नये. व्यक्तिमत्त्वदोषाचे निदान हे तज्ज्ञ डॉक्टरांचे काम आहे. आजच्या निदानग्रंथात नऊ लक्षणे दिली आहेत, त्यांतली किमान पाच असावी लागतात, आणि तीही दीर्घकाळ, आयुष्याच्या अनेक अंगांत दिसणारी. थोडी फुशारकी आपण सगळेच मारतो. पंधरासोळा वर्षांचा मुलगा आरशापुढे अर्धा तास उभा राहिला तर तो बहुधा पंधरासोळा वर्षांचा आहे, एवढेच सिद्ध होते.

पण उलट बाजूही सांगितली पाहिजे. ज्या घरात एकाच माणसाचा मान राखण्यासाठी बाकी सगळे जीव मुठीत धरून वावरतात, तेथल्या पत्नीला “तू अधिक नम्र हो, सोसत राहा,” एवढाच सल्ला आपण देतो. योनाथानाने बापाची साथ शेवटपर्यंत सोडली नाही, हे खरे. पण बापाने भाला उगारला तेव्हा तो मेजावरून उठून गेला (२०:३४), आणि दाविदाला तर त्याने सरळ पळून जायला सांगितले. क्षमा करणे म्हणजे भाल्यासमोर बसून राहणे नव्हे. हात उगारला जात असेल तर त्या बहिणीला प्रथम सुरक्षित जागा द्यावी. घरगुती हिंसाचारापासून स्त्रियांचे संरक्षण करणारा २००५ चा कायदा आहे, त्याची माहितीही पाळकांनी व महिला मंडळाने करून घ्यावी.

वर्गात घेताना

तरुणांच्या वर्गात हा पाठ घ्यायचा तर ‘अहंकार म्हणजे काय’ अशा व्याख्येने सुरुवात करू नये. सगळे मान डोलावतील आणि काहीच बोलणार नाहीत. दोघांकडून अठराव्या अध्यायातले ते गाणे येणारा भाग मोठ्याने वाचून घ्यावा आणि विचारावे, शौलाच्या जागी तुम्ही असता तर कोणता आकडा ऐकला असता? मग आपापल्या परीक्षेचे निकाल, भावाबहिणींचे कौतुक, कॉलेजातले प्रवेश, याविषयी मुले आपोआप बोलू लागतील. बोलू द्यावे, मध्ये वचन सांगून तोंड बंद करू नये. लहानांच्या वर्गात योनाथानाचा झगा, तलवार, धनुष्य आणि कमरबंद यांची चित्रे फळ्यावर काढून एकेक पुसत गोष्ट सांगावी. भाल्याची गोष्ट लहानांना या रविवारी सांगायची गरज नाही. मोठ्या वर्गाने मात्र विसावा अध्याय पूर्ण वाचावा, आणि वेळ पुरला नाही तर तो पुढच्या रविवारी घ्यावा.